धुक्यातली ओळख

१ नोव्हेंबर, शुक्रवार
आलो एकदाचे झ्युरिखला! मी, माझी लेक उर्सिना, चार खोकी आणि भावाने जबरदस्तीने दिलेलं डोंगरातलं सुकं मांस. खोली तळ्याकाठच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. धुकं नसलं की खिडकीतून बर्फाचे डोंगरही दिसतात म्हणे. नोकरी लाकडी स्नानघरात. हिवाळ्यात इथले लोक वाफ घेऊन टोमॅटोसारखे लाल होतात आणि धावत जाऊन गारठलेल्या तळ्यात उडी मारतात. मी शेगडी पेटवायची, टॉवेल द्यायचे, जवाचं सूप ढवळायचं. असल्या खुळ्यांच्या जिवावर आम्हा दोघींचं पोट भरणार असेल तर माझी काही तक्रार नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार
शहर देखणं आणि चोख. पण माणसं! आमच्या गावात शेळी आडवी आली तरी ‘आलेग्रा’ म्हणून नमस्कार करतात. इथे जिन्यात शेजाऱ्याला नमस्कार केला, तर तो भिंतीकडे बघत निघून गेला. स्नानघरातही तेच. बाकावर उघडेवाघडे खेटून बसतील, पण तोंडात मिठाची गुळणी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बेंत्सिगरबाई सत्तरीच्या, जन्म इथलाच. त्यांना विचारलं की इथल्यांना आईबापांनी काही वळण लावलं की नाही. त्या म्हणाल्या, धुकं आहे तोवर तू पण गप्प राहायला शीक, पोरी. मला हसूच फुटलं. शिष्टपणा करायचा तो करायचा, वर हवेचं निमित्त!
उर्सिनाला मी बजावलंय, आपण आपली रीत सोडायची नाही. आठ वर्षांची पोर, पण रस्त्याने जाताना हंसांनाही ‘आलेग्रा’ म्हणते.

९ नोव्हेंबर, शनिवार
संध्याकाळी शाळेच्या पोरांची दिव्यांची मिरवणूक होती. सलगम कोरून आत मेणबत्त्या लावलेल्या. गल्ल्यांतून गाणी म्हणत निघालो. तळ्याचा काठ लागला आणि सगळी पोरं एकदम चिडीचूप, वर्गाच्या बाईसुद्धा. धुक्यात पाणी दिसेना. तेवढ्यात पाण्यावरून कुणीतरी मोठ्या अदबीने म्हणालं, आलेग्रा. आमच्या बोलीत! माझं काळीज सुपाएवढं झालं. उर्सिना माझ्याकडे बघायला लागली, तर मीच म्हटलं, अगं बोल की. तिने कठड्याला रेलून गोड आवाजात उलट नमस्कार केला.
बाकीच्या आयांनी आपापल्या पोरांना पोटाशी धरलं. एकीने माझ्याकडे पाहिलं, मयताच्या घरी बघतात तसं.

११ नोव्हेंबर, सोमवार
बेंत्सिगरबाईंना हे सांगितलं, तर त्यांच्या हातातला डाव पडला. मग एका दमात बोलल्या. धुक्यात तळ्यातून कुणीतरी ओळख काढतं. आधी नमस्कार, मग नाव, मग हात, आणि हात दिला की माणूस तळ्याचा. नमस्काराला उत्तर दिलं नाही तर काहीच होत नाही, म्हणून सगळे गप्प. एकाशी ओळख पुरी झाली की धुकं उठतं आणि वर्षभर शहर सुटतं.
मी किंचाळले, की पहिल्याच दिवशी नीट सांगायला काय झालं होतं. त्यांनी पडलेला डाव उचलून पुसला. मग म्हणाल्या, माझी नात तुझ्या मुलीच्याच वर्गात आहे.
मला भीती वाटते आहे. खोटं कशाला लिहू.

१३ नोव्हेंबर, बुधवार
उर्सिना सकाळी म्हणाली, रात्री खिडकीतून तळ्यातल्या काकांनी नाव विचारलं. सांगितलंस का म्हटलं, तर म्हणे, तूच सांगतेस ना आई, विचारलं की नाव सांगावं.
तशीच उचलून स्टेशन गाठलं. पण रूळ तळ्याच्या काठाकाठाने. पोर सारखी दाराकडे धावायची, मला आवरेना. तिकीट तपासनिसाचे पाय धरले. तो बुटांकडे बघत राहिला. डब्यातले सगळेच बुटांकडे बघत होते. पुढच्या स्टेशनावर उतरले. टॅक्सीवाल्याने उर्सिनाकडे पाहिलं आणि काच वर केली.
भावाला फोन केला. घाट बर्फाने बंद. शनिवारी उघडला की गाडी घेऊन येतो म्हणाला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
खिडक्यांना खिळे. दाराला कपाट लावलं. तिला मांडीवर घेऊन बसले आहे. ती रडत नाही, खेळतेय. तिला कुणाचीच भीती नाही, हेच — माझ्या हातात काही नाही. पोलीस आले, दारातूनच ऐकलं, नमस्कार न करता गेले.

१६ नोव्हेंबर, शनिवार
घाट उघडला! भाऊ निघालाय. दुपारी पोचेल. सूप गरम केलं. उर्सिनाला म्हटलं, जेवायच्या आधी हात धुऊन ये —

ऊन. ऊन पडलं! धुकं उठलं, डोंगर दिसतात. खाली रस्त्यावर माणसंच माणसं — टोप्या काढून एकमेकांना नमस्कार, मिठ्या — जिन्यातला शेजारी वर बघून हसला. मलाही हात केला. पहिल्यांदाच. बेंत्सिगरबाई मात्र मान खाली घालून —

पण धुकं तर ओळख पुरी झाल्याशिवाय — नाही, ती घरातच आहे, दार बंद आहे, मी स्वतः —

आत नळ चालू आहे. केव्हाचा. या शहरात नळाला पाणी तळ्याचंच येतं —

हाक मारतेय. ओ देत नाही. कुणाशी तरी हळू हसतेय. उर्सिना, हात मागे घे, हात —