पांढरीखालची जागा

नेवासे, मार्च १९७१

श्रीमंतदादास,

गेल्या साली नवऱ्यानं टाकल्यावर तू मला पांढरीच्या, म्हंजी जुन्या वस्तीच्या टेकाडाखाली घरापुरती जागा दिलीस. गाव म्हनला, भाऊ असावा तर असा! मीबी मळ्यातल्या हिश्शावर पानी सोडून सही केली.

काल पुरातत्त्वाच्या साहेबांनी पाया खोदायच्या आधी खड्डा घेऊन बघितला. कमरेइतकं खाली चूल निघाली, राखेसकट. तीन हजार वर्सांची हाय म्हनं. आता तिथं घर बांधता येनार न्हाई.

मी रडाय लागले, तवा साहेब म्हनले, "बाई, इथं घर बांधता येणार नाही, हे तुमच्या भावाला मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

हे पत्र मी टपालात टाकनार न्हाई. वाचून तू दारात येऊन रडशील, आन तुला रडायचं सोंग लई चांगलं जमतं.

साहेबांनी चुलीभवती दोरी बांधलीय. तीन हजार वर्सांमागं तिथं रांधनाऱ्या त्या बाईची चूल तरी आता कुनी हलवनार न्हाई.

तुझीच म्हनायची,
चांगुणा