प्लांटचं नाक

सोमवार, ४ जून

नाक गेलं! सर्दी गेली ती वासच घेऊन गेली. कांदा चिरला — डोळ्यांना कळलं, नाकाला पत्ता नाही.

आणि माझं पोट नाकावर! पाण्याच्या फिल्टर प्लांटमध्ये आधी मी झाडू मारायची. एकदा बोलून गेले, पाण्याला शेवाळाचा वास मारतोय — तेव्हापासून लॅबच्या मॅडमनी वास घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसवलं. तुरटीनं गाळ खाली बसतो, वाळूतून पाणी गाळलं जातं, क्लोरीननं जंतू मरतात. गढूळपणा मशीन सांगतं. वास मात्र माणसानंच हुंगायचा. नाक नाही म्हटलं की परत झाडू. कुणाला सांगायचं नाही!

मंगळवार, ५ जून

कोमट पाण्याच्या बाटल्या आल्या. हुंगायला आम्ही तिघं — मी, वॉचमन, पंपवाला. मला ढिम्म वास येईना. म्हटलं, या दोघांची तोंडं बघून ठोकून द्यावं. बघते तर दोघं माझ्याच तोंडाकडे बघतायत! नाक खाजलं म्हणून जरा मुरडलं — "चिखल," वॉचमन म्हणाला. "चिखलच," पंपवाला. मग मीही चिखल. मॅडमनी वास घालवायला पाण्यात कोळशाची पूड वाढवली.

गुरुवार, ७ जून

दूध करपलं. ह्यांनी त्याचाच चहा केला. मी मुकाट प्यायले. "बरी आहेस ना?" म्हणाले. सासूबाईंनी कप लांबूनच हुंगला — "करपलंय! हिला कळलं नाही? हिचं नाक गेलंय!" ही बाई टॉवेलसुद्धा हुंगून घडी घालते. "गप्प बसा," म्हटलं. गप्प बसतात होय!

शुक्रवार, ८ जून

मेले! मॅडमनी मुद्दाम एका बाटलीत बिनवासाचं पाणी ठेवलं होतं. मी म्हटलं, शेवाळ. वॉचमन — "हो, शेवाळ." पंपवाला — "कुजलेलं!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तिघांत मिळून एक तरी नाक आहे का?"

सांगून टाकलं, माझं गेलंय. वॉचमन तोंड पाडून म्हणाला, "माझं कधी नव्हतंच. बाईंचं बघून सांगायचो." पंपवाला तंबाखू थुंकायला गेला तो आलाच नाही.

"ओळखीत कुणी नाकाचं आहे?" मॅडम म्हणाल्या. नाव ओठांवर आलं, गिळलं. पण खुर्चीपायी लोकांनी घाण पाणी प्यायचं? म्हटलं, "आहे. घरातच आहे."

सोमवार, ११ जून

सासूबाईंनी पहिली बाटली हुंगली. "चिखल." दुसरी — "दवाखान्यासारखा." तो क्लोरीन! तिसरी — "ह्यात काही नाही. बाटली मात्र नीट विसळलेली नाही. आमच्या सुनेनं धुतली ना?"

मीच धुतली होती. मॅडम खो खो हसल्या. खुर्ची सासूबाईंना. मला बाटल्या.

बुधवार, २० जून

सकाळी कांद्याचा वास आला! धावत लॅबमध्ये गेले, खुर्ची परत मागायला. सासूबाई बाटली हुंगत होत्या, डोळे मिटून. मॅडम, वॉचमन, पंपवाला — सगळे त्या काय म्हणतात म्हणून ताटकळत उभे. घरी त्यांचं एवढं कोण ऐकतं? मी तर कधीच नाही.

तशीच नळाकडे वळले. बाटल्या धुतल्या. नीट.