न दाबता उमटणारा र

१८ ऑगस्ट
आज परत तेच. दुपारी टाइप करता करता र सुटला. बटण जागेवर, माझी बोटं मांडीवर, आणि पडद्यावर रररररर करत ओळ पळतेय. दोन-तीन ओळी भरल्या की आपोआप थांबतं. लॅपटॉपला वर्षही झालं नाही. पुण्याच्या मॅडमना पाठवायची फाइल उशिरा गेली.
आई चष्मा पुसत जवळ आली. "काऊन वं, कोन लिवून राह्यलं थे?"
म्हटलं, कोणी नाही.
"मंग?"
ओळी पुसायला घेतल्या.

२० ऑगस्ट
कस्टमर केअर. मराठीसाठी दोन दाबा म्हणे. दाबलं, तर हिंदी. बंद करून चालू करा. केलं. ब्रशने साफ करा. केलं. आतलं सगळं पुसून नव्यासारखं करा. तेही केलं, अर्धा दिवस त्यात गेला. दिवेलागणीला र हजर.
इंजिनियर पाठवतो म्हणाले.

२६ ऑगस्ट
इंजिनियर गेला, पण धामणगाव रेल्वेला! तिकडे अमरावती जिल्ह्यात. मेसेज असा की ग्राहक घरी आढळले नाहीत, तक्रार बंद. मी इथे सकाळपासून दार उघडं टाकून बसलेली. फोन करून धामणगाव बढे, मोताळा तालुका, बुलढाणा जिल्हा असं घोकून घेतलं फोनवरच्या मुलीकडून. पुन्हा पहिल्यापासून सगळं. बंद करून चालू करा, ब्रश मारा...

२९ ऑगस्ट
मॅडमचा मेसेज: "मजकुरात चुका फार वाढल्यात. असंच राहिलं तर पुण्याला येऊन ऑफिसच्या मशीनवर बसावं लागेल."
त्यांचंही चूक नाही. मुलाखती ऐकून टाइप करायच्या हे काम, त्यात मधेच शंभर र. पुसता पुसता जीव जातो आणि एखादा राहतोच.
डोकं ठिकाणावर राहावं म्हणून एकदा लिहून ठेवते. मी पुण्याला गेले तर आई एकटी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला आधाराशिवाय अंगणात उतरता येत नाही, नजरही अधू. म्हणजे दादा तिला नाशिकला नेणार, तिसऱ्या मजल्यावर. आईला ते नको. "मले तिथं कोन वयखते? इथं ओट्यावर बसलं तं जानारं-येनारं बोलते तरी." मागच्या वर्षी मी ऑफिस सोडून इथे आले ते त्यासाठीच. आणि आता सगळं एका र वर येऊन टेकलंय. हसू येतं आणि रडूही.

३ सप्टेंबर
इंजिनियर आला एकदाचा. वानखडे आडनाव, अकोल्याचा, पोरसवदा. तासभर मशीनसमोर बसला. र एकदाही नाही! पाहुणे आले की द्वाड पोर शहाणं होतं, तसं. मी म्हणतेय थांबा, अजून तापू द्या. तो तरी किती थांबणार, मोताळ्याची गाडी चुकली असती. आईने त्याला भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी वाढली. मिटक्या मारत जेवला.
निघताना म्हणे, "ताई, मोबाइलवर एक नंबर आला असंन, थो सांगा. मी येऊन गेलो, येवढंच दिसते त्याच्यातून."
मी घुटमळले. आई आतून म्हणाली, "दे ना वं. लेकरू येवढं उन्हाचं आलं, त्याले रिकाम्या हातानं धाडतं काय?"
दिला. तो मोताळ्याला पोचायच्या आत मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?
संध्याकाळी र आला.

१० सप्टेंबर
मलकापूरहून वेगळा किबोर्ड मागवला, वायरचा. म्हटलं, आतला राहू दे बाजूला. कसलं काय! मी बाहेरच्यावर लिहितेय आणि आतला आपला र ओकतोय. आतला बंद करायची सेटिंग सापडली, पण मशीन झोपून उठलं की ती परत पहिल्यासारखी. कस्टमर केअरला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, व्हिडिओत बोट दिसत नाही, त्यामुळे बटण दाबलं की नाही हे स्पष्ट होत नाही. आता न दाबणारं बोट कसं दाखवू?
दुसरा व्हिडिओ. यात दोन्ही हात वर. आईने मोबाइल धरला, त्यामुळे माझं डोकं कापलं गेलंय, पण हात आहेत.

१९ सप्टेंबर
हात वर केलेल्या व्हिडिओने काम केलं. वानखडे नवीन किबोर्ड घेऊन आला, बसवला. दिवसभर एकही र नाही! मॅडमकडे दोन फाइली वेळेत. आई म्हणाली, "पाह्य, जेवू घातलेलं वाया जात नाई." बरं वाटलं. फार बरं वाटलं. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून शेंगा फोडत होतो.

२६ सप्टेंबर
र आला.
काही लिहावंसं वाटत नाही.

२९ सप्टेंबर
कस्टमर केअरशी भांडले. वर कोणाशी तरी बोलणं झालं त्यांचं. आता किबोर्ड नाही, आतलं मोठं कार्डच बदलू म्हणतात. दसऱ्यानंतर पाठवतील. लेखी आलंय मेसेजवर, पाचदा वाचला.
मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, दिवाळीपर्यंत थांबते, पुढे मात्र नाही. ठीक.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी शेजारच्या वावरात आपट्याची पानं आणायला गेले. आले तर आईने पाट मांडलेला. त्यावर विळा, भाजी चिरायची पावशी, बाबांचा जुना पाना, आणि माझा लॅपटॉप, उघडा. फुलाने पाणी शिंपडून, हळद-कुंकू लावून, वर अक्षता आणि झेंडू. नजर अधू, त्यामुळे कुंकू एका जागी नाही, सगळीकडे. बटणांवरच जास्त.
ओरडणारच होते. पण तिचा चेहरा असा की बोलवेना. कोरड्या फडक्याने पुसून घेतलं, एवढंच. आणि पुसायच्या आधी मीही हात जोडले, हे खरं. मनात म्हटलं, आता तरी थांब बाबा.

८ ऑक्टोबर
वानखडे आला. कार्ड त्याच्या पिशवीत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. ओट्यावर चटई टाकून मशीन खोललं. बटणांखाली लाल थर, वाळून चिकटलेला. एक तांदळाचा दाणाही निघाला.
"ताई, हे काय?"
मी सांगितलं. त्याने मोबाइल दाखवला. दर टप्प्याला फोटो काढून पाठवल्याशिवाय त्याच्या मोबाइलमध्ये पुढचं पान उघडत नाही. म्हटलं, बिघाड ऑगस्टपासूनचा, तुम्ही स्वतः दोनदा येऊन गेलात.
"मले माहीत हाये, ताई. पन वरच्याइले फोटो दिसते, मी नाई दिसत."
आधी पुसा, मग काढा ना फोटो, असंही म्हटलं मी. लाज सोडून म्हटलं.
"काढला असता. पयला तं खोलल्या खोलल्याच चालला गेला."
मग फोन आला त्याला. हाव, हाव, जी सर. मशीन परत बंद केलं, कार्ड पिशवीत घातलं. जेवायला थांबला नाही. आई दारात उभी राहून म्हणत होती, पिठलं केलं व्हतं बाप्पा.

९ ऑक्टोबर
आलं उत्तर. बाह्य पदार्थ व द्रव, ग्राहकाच्या हाताळणीमुळे, वॉरंटी लागू नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!
कस्टमर केअरला फोन लावला आणि माझं पुणेरी मराठी कुठच्या कुठे गेलं. "अवं बाई, थे ऑगस्टपासून बिघडेल हाये, अन् कुकू दसऱ्याले लागलं!" मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, पण लॅपटॉपची पूजा का केली?" फोन ठेवला.
आणि मग राग काढला आईवर. कोणी सांगितलं होतं तुला? माझ्या वस्तूंना हात कशाला लावतेस? बरंच बोलले.
ती म्हणाली, "तुया बापानं जलमभर वखराले लावलं, तिफनीले लावलं. ज्याच्यावर पोट त्याले लावतेत. तुयं पोट याच्यावर. म्हून लावलं."
भिंतीला धरत आत गेली. मी हात जोडले होते, हे तिला सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर
आई बोलत नाही. म्हणजे बोलते: चहा ठेव, दार लाव. पण मी मशीनसमोर बसले की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. आज तर मला पाण्याचा तांब्या देतानाही लांबूनच हात पुढे केला, टेबलाला स्पर्श नको म्हणून.

१४ ऑक्टोबर
मोताळ्याला मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करतात त्या दुकानात गेले. मालक म्हणाला, "आतल्या किबोर्डची पट्टीच काढून टाकतो. बाहेरचा लावा, काम चालू. पन र थ्या कार्डातूनच येत असंन तं पट्टी काढून बी थांबनार नाई. अन् मी एकडाव खोललं तं कंपनी पुन्ना हात लावत नसते, पाहून घ्या."
म्हटलं, कंपनीने हात झटकलेच आहेत. परवा आणते.

१६ ऑक्टोबर
दुकानात जायला पिशवी भरली आणि फोन वाजला. कंपनी. हा आवाज नवीन, चांगलं मराठी. "मॅडम, तुमच्या आधीच्या तक्रारी पाहिल्या. प्रकरण वरिष्ठांकडे फेरविचारासाठी पाठवतोय. तोवर बाहेरच्या कोणाकडूनही मशीन उघडू नका, नाहीतर काहीच करता येणार नाही."
किती दिवस लागतील?
"ते सांगता येणार नाही, मॅडम."
पिशवी रिकामी केली. खोललं तर कंपनी गेली, थांबले तर काम गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. पिशवी परत भरली, परत रिकामी केली. शेवटी तशीच खुंटीला अडकवली.

१८ ऑक्टोबर
दादाचा फोन. भाऊबीजेला गाडी घेऊन येतोय. "आईचे कपडे भरून ठेव, तुझं काय व्हायचं ते होईल." तो वाईट बोलत नाही, काळजीनेच बोलतो. तेच जड जातं.
आईला सांगितलं. तिने विचारलं, "थ्यो फेरइचार का काय, त्याचं काई आलं काय?" नाही म्हटलं.
तिने लुगडी काढून पलंगावर ठेवली. घडी मोडून परत घातली. भरली मात्र नाहीत.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
आईने पाट मांडला. लक्ष्मीचा फोटो, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे. लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. मग मीच उचलून आणला, पाटाजवळ ठेवला. म्हटलं, लाव.
"नाई माय. त्याच्या कंपनीले चालत नाई."
लाव गं, आता काय व्हायचं राहिलंय.
"नाई." मग माझा हात ओढून तिने आपल्या मांडीवर घेतला. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून एकेक बोट चाचपून पाहिलं, आणि एकेका बोटाला हळद, मग कुंकू. अंगठ्यालाही. मग दुसरा हात. "हे तं कंपनीचे नाईत ना? मंग याईले लावतो."
मला रडू आवरेना. दसऱ्याला मीही हात जोडले होते गं, तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत हाये. तुया पायाचा आवाज येकदम थांबला व्हता."
परवा दादा येणार. मॅडमना फाइल उद्या द्यायची. कंपनीकडून काही नाही. मोताळ्याची पिशवी खुंटीलाच.
हे वहीत लिहितेय, पानाला पिवळी-लाल बोटं उमटलीत. मशीन समोर चालू आहे. आई दिव्यात तेल घालता घालता विचारतेय, "थांबलं काय वं?"
पडद्यावर ओळ धावतेच आहे.
हाव, म्हटलं.