खिडकीसमोरची भिंत

प्रिय सिडनी,

दादरहून गिरगावात पत्र पाठवतोय म्हणजे शास्त्रीबुवांचं डोकं फिरलं, असं तू म्हणशील. पण तुझा फोन सेसिलिया उचलते, मेसेज ती वाचते आणि मी घरी आलो की आपल्या दोघांच्या मध्ये तळलेल्या गोड फुग्यांची बशी घेऊन बसते. तुझ्या रंगांना मात्र बायको हात लावत नाही. म्हणून जर्मनीहून आणलेल्या या रंगांच्या डब्यात हे कागद घडी करून ठेवलेत. निवांत वाच, पण आजच वाच.

मी कोलोनला भाचीकडे, ऋताकडे निघालो, तेव्हा तू पुन्हा पुन्हा बजावलंस, की ते म्युझियम लांब आहे, तिकीट महाग आहे, माझे गुडघे दुखतील. वीस वर्षं खोताच्या वाडीत येणाऱ्याजाणाऱ्याला 'माझं चित्र तिथे खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे' असं सांगणारा माणूस मित्राला तिथे जाऊ नको म्हणतो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. म्युझियम ट्रामच्या थांब्यासमोरच निघालं.

एका दालनात नुसता निळा कॅनव्हास, दुसऱ्यात उलटी खुर्ची, तिसऱ्यात काहीच नाही आणि त्या काहीच-नाहीवर पहारा. आमच्या न्यायशास्त्रात अभावालाही पदार्थ मानतात. वर्षानुवर्षं मी हे मुलांना शिकवलं, पण त्याला तिकीट लावायचं आमच्यात कुणाला सुचलं नाही. ऋता हसत होती. मला हसू येईना, कारण प्रत्येक दालनात मी आधी खिडकी शोधत होतो, मग तिच्या समोरची भिंत. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत पहारेकरीण माझ्या मागोमाग चालू लागली. मी भिंतींच्या फार जवळ जात होतो म्हणे.

ऋताने खाली चौकशी केली. चित्र आहे त्यांच्याकडे. तुझ्याकडून ते विकत घेणाऱ्या जर्मन पाहुण्याने देणगी दिलेलं, कागदावरचं, उजेडाने फिकं पडेल म्हणून तळघरातल्या अंधाऱ्या कपाटात. भिंतीवर ते कधीच लागलं नव्हतं. तिथल्या बाईंनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मी कुणाच्या तरी समाचाराला गेल्यासारखा उभा राहिलो. आणि तुला हे माहीत आहे, हे मला तिथे कळलं.

दोन दिवसांनी त्यांनी ते आमच्यासाठी टेबलावर काढून ठेवलं. चित्र चांगलं आहे रे. तुझ्या घराचा बाहेरचा लाकडी जिना, त्यावर सेसिलिया, एका पायात चप्पल, दुसरी कुत्र्याने पळवलेली. ती कुत्र्यावर चिडलीय की तुझ्यावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. फोटो काढला नाही. फोटोत टेबल आलं असतं.

परतल्यावर सेसिलियाने फोनवर पहिलं हेच विचारलं, बघितलंस ना? मी म्हणालो, बघितलं. यात खोटं काही नाही, तरी मला झोप नाही. कारण मग तिने एक गोष्ट सांगितली आणि तुला न सांगण्याची वांद्र्याच्या मोतमाउलीची शपथ घातली. तुझ्या साठीला ती तुला कोलोनला नेणार आहे. बुधवारी आधार कार्डाचं काम म्हणून ती तुला जिथे नेईल, ते व्हिसाचं ऑफिस आहे. तिला त्या भिंतीपाशी फोटो काढायचाय, चित्रातल्या सेसिलियाशेजारी खरी सेसिलिया. त्यासाठी ड्रेसही शिवायला टाकलाय. म्युझियमच्या त्या बाई म्हणाल्या होत्या, आधी कळवलंत तर चित्र पुन्हा टेबलावर काढून ठेवू. ऋता कळवेल. पण त्याआधी सेसिलियाला जिन्यावर बसव आणि तू स्वतः सांग, बुधवारच्या आत. ती चिडेल. चिडल्यावर ती कशी दिसते, ते तुझ्याइतकं नीट कुणी काढलेलं नाही.

तुझाच,
मोतमाउलीचा अपराधी,
अवधूत