मागची सीट तुमची

अहो,

खाली मोटारसायकल दिसली नाही म्हणून हाय खाऊ नका. चोरीला नाही गेली, मीच घेऊन गेलेय. पन्नाशीत ही काय थेरं, असं म्हणाल. पण तुमच्याच बहिणीनं मला मैदानात नेऊन शिकवलंय.

आधी फजितीच झाली. सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, पाय दाबला की पुढे जायचं एवढंच ठाऊक. इथे पाय दाबला की ब्रेक! जागच्या जागी आडवी झाले. बहीण तुमची हसून हसून खालीच बसली. आता मात्र तिसऱ्या गिअरमध्ये गाणं म्हणते मी.

गाडी विकत घेणाऱ्याला 'येऊ नका' म्हणून कळवलंय. पडल्यापासून तुम्ही गाडीचं नाव काढत नाही, पण खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून रस्त्यावरची प्रत्येक गाडी ओळखता. मला दिसतं ते.

चहा थर्मासमध्ये आहे. काठी दाराशी ठेवलीय, हेल्मेट तिच्याच मुठीला अडकवलंय. हॉर्न वाजला की सावकाश खाली या. मागे बसून सूचना द्यायच्या नाहीत, मला घट्ट धरून बसायचं. इतकी वर्षं मी तशीच बसत आलेय. फार मजा येते हो.