सलूनवाल्याचं विमान

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघे आता वाकत नाहीत.)

पत्रा ठोकून ठोकून माझे कान गेलेत. फोनवर तुझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते रागावणं असतं, म्हणून पत्र लिहितोय. बातमी अशी की मी विमान आणलंय. लगेच कपाळावर हात मारू नकोस, पुढे वाच. अख्खं नाही, नुसतं धड. पंख, शेपूट, इंजिन सगळं आधीच कुणीतरी काढून नेलंय. भंगारवाल्याच्या आवारात आडवं पडलं होतं आणि आत मांजरीने पिल्लं घातली होती. पिल्लांची सोय लावली आणि धड ट्रेलरवर टाकून शेडमध्ये आणलं. तुझी भावजय दारात आली, तिने ते पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली.

गिऱ्हाईक म्हणजे आमचा सलूनवाला. त्याचं दुकान होतं ती इमारत पाडायला काढलीय. तो म्हणाला, आता असं दुकान हवं की ज्याला कुणी जागा खाली कर म्हणणार नाही, फार तर गाडी पुढे घे म्हणेल. मी म्हटलं, बस बांधून देतो. तर म्हणे बसमध्ये दाढी करायला कोण चढेल? त्यावर मीच बोलून गेलो, की मग विमान देतो. या जिभेचं काय करू सांग.

आता अडचण. मी जन्मभर बसच्या बॉड्या बांधल्या. लोखंड कापायचं, जोडायचं, ठोकायचं. इथे पहिल्याच दिवशी वेल्डिंग लावलं आणि त्या नाजूक पत्र्याला नाण्याएवढं भोक पडलं. तेव्हा भावोजींना थोडे दिवस उसने दे. इतकी वर्षं हँगरमध्ये विमानं दुरुस्त केलेला माणूस तुझ्याकडे रिटायर होऊन बसलाय आणि मी इथे भोकं पाडतोय, हे काही बरं दिसत नाही. जसे नेईन तसे परत करीन. थोडे धुळीचे होतील एवढंच.

लोभ आहेच, तो या बातमीने आटू नये, ही वि.

तुझा,
बॉडीवाला

दि. १४ जानेवारी

चि. बॉडीवाल्यास,

अ. उ. आ. आणि एक चापट.

भावजयीला म्हणावं, तुझ्या जागी मी असते तर शब्द नसते काढले, लाटणं काढलं असतं.

ह्यांना खुशाल ने. उसने कसले, पाठवणीच करते. रिटायर झाल्यापासून गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतात. पेपर वाचतात, तो संपला की त्यातल्या जाहिराती वाचतात. वरून विमान गेलं की घड्याळ बघून मला सांगतात, आज उशीर झाला. मी काय करू त्याला? मी उडवतेय का ते? भाजी कुठली करू विचारलं तर उत्तर ठरलेलं, तुला योग्य वाटेल ती. परवा पंखा बंद पडला. मी स्टुलावर चढून कपॅसिटर बदलला, तर हे खाली उभे राहून वर बघत होते. मी उतरल्यावर म्हणाले, छान केलंस. आणि परत खुर्चीत. अरे, भांडतसुद्धा नाहीत. मी एकटी किती भांडू?

थट्टा सोड, मला आता भीती वाटते. माणूस समोर असतो आणि नसतो. हातांना काम मिळालं तर तोंड उघडेल अशी आशा आहे. म्हणून चांगलं राबव. मीही बजावलंय, की ते विमान पुरं झाल्याशिवाय घरी यायचं नाही.

आठवड्याने गाडीत बसवून देते. रक्तदाबाच्या गोळ्या चष्म्याच्या खोक्यात आहेत. दुसरीकडे ठेवल्या तर घेत नाहीत.

माझ्या आशीर्वादाला जागशील तर बरं.

ताई

दि. २ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू आम्हाला इतकी वर्षं फसवलंस. भावोजी बोलतात! थांबतच नाहीत. माझ्या बहिऱ्या कानांचा या दिवसांत मला जितका उपयोग झाला तितका कधी झाला नव्हता.

आल्या आल्या विमानाभोवती एक फेरी मारली, जागोजागी बोटाने टकटक करून पाहिलं आणि माझ्या भोकापाशी थांबून विचारलं, हे कुणाचं काम? मी सलूनवाल्याकडे बोट दाखवलं. पटलं नाही त्यांना. दार मोठं करायला मी आतल्या गोल बरगड्या कापायला निघालो होतो, तर हात पसरून आडवे उभे राहिले. म्हणाले, बसचा जोर खालच्या सांगाड्यात असतो, विमानाचा कातड्यात. कुठेही कापशील तर सगळं बसेल. मग ते धड जुन्या ट्रकच्या चेसिसवर चढवलं ते त्यांच्या पद्धतीने, मध्ये रबर घालून. आता ते आत रिव्हेटमागे लोखंडी ठोकळा धरून बसतात, मी बाहेरून रिव्हेट मारतो. आतून एक टकटक म्हणजे पुढे चल, दोन म्हणजे काढ आणि पुन्हा मार. ताई, मला सारख्या दोनच ऐकू येतात.

शेडच्या भिंतीवर त्यांनी फळी लावलीय. प्रत्येक हत्याराचा आकार रंगाने काढलेला. संध्याकाळी सगळे आकार भरल्याशिवाय चहा नाही. विमानात पाना राहून गेला तर माणसं मरतात म्हणे. मी म्हटलं, भावोजी, हे विमान उडणार नाही. तर म्हणतात, ते विमानाला माहीत नाही.

स्टीअरिंगला लाल फीत बांधलीय. त्यांची सही होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सलूनवाला तोवर शेडबाहेर ताडपत्रीखाली दुकान मांडून बसलाय. अर्धं डोकं भादरलेली माणसं उठून आत येतात आणि आम्हाला सल्ले देतात.

तुझा औषधाचा डोस लागू पडलाय. आता माझ्यावरचा राग सोडून लोभाला जागा करावी.

बॉडीवाला

दि. ११ मार्च

चि. बॉडीवाल्यास,

अ. उ. आ.

वाचून इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. बोलतात ना? पुष्कळ झालं.

इकडे मी मजेत. घर कसं शांत. फक्त चहाचा हात सुधारत नाही, रोज एक कप जास्त होतो. तो ओतून द्यावा लागतो, नासाडी होते म्हणून सांगितलं, बाकी काही नाही. वरून विमान गेलं की वेळेवर गेलं की उशिरा, हे मला कळत नाही. कळून करायचंय तरी काय म्हणा.

किती राहिलंय रे? घाई नाही, सहज विचारते. ह्यांना विचार, मला दोन ओळी लिहायला बोटं दुखतात का? रिव्हेट मारताना नाही दुखत ती!

आशीर्वाद ज्याच्या त्याला वाटून द्यावा.

ताई

दि. ६ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

विमान झालं. खुर्च्या बसल्या, आरसे लागले, पाण्याची टाकी चढली, तपासणीवाल्यांनी फेरी मारून पास केलं. राहिली होती ती भावोजींची सही. त्या संध्याकाळी फळीवर एक आकार रिकामा निघाला. दांडीला लावलेला छोटा गोल आरसा, अडचणीच्या जागी बघायचा. भावोजी म्हणाले, छतात राहिला असणार, उघडा. मी रडकुंडीला आलो. तरी दोन दिवस खपून सगळं छत उतरवलं, एक एक रिव्हेट काढून. आरसा नाही. मग म्हणाले, बाजूच्या भिंती उघडू.

तेवढ्यात सलूनवाला परत आला. तो परगावी एका आजारी गिऱ्हाइकाच्या घरी दाढी-कटिंगला जाऊन तिथेच मुक्कामाला राहिला होता, आणि त्याच्या पेटीत आमचा आरसा! मानेमागचे केस दाखवायला झकास आहे म्हणाला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तर तो उलट माझ्यावर. भावोजींनीच तर काढून दिला म्हणे, आणि वर म्हणाले, सावकाश आण, घाई नाही.

मी भावोजींकडे बघितलं. ते रिव्हेट मोजायला लागले.

ताई, त्यांना माहीत होतं आरसा कुठे आहे. त्यांना हे काम संपवायचंच नाही. सलूनवाल्याचे हाल होतायत, ताडपत्री फाटलीय, आणि विमान छताशिवाय उभं आहे. मी त्यांना काही विचारलं नाही. मोठ्या माणसाला कसं विचारायचं? ते तुझं काम आहे.

या वेळी लोभाचं राहू दे, उत्तर लवकर दे.

बॉडीवाला

दि. १० मे

श्री. मेकॅनिकसाहेब यांस,

स. न. वि. वि.

आरशाचं कळलं. मी मुद्दाम काही विचारत नाही. तुम्हीच सांगा.

आपली कोण ते आपण ठरवावं.

दि. १६ मे

चि. सौ. हिस,

अ. आ.

मला पत्र लिहिता येत नाही, रिपोर्ट लिहिता येतो. तसाच लिहितो.

आरसा मीच दिला. छतात दोष नव्हता. निर्दोष काम उघडायचं पाप मी नोकरीत कधी केलं नाही, ते इथे केलं. सलूनवाल्याची माफी मागितली आहे. तुझ्या भावाचीही मागितली, पण त्याला ऐकू आली की नाही सांगता येत नाही.

कारण असं. तू म्हणालीस, पुरं झाल्याशिवाय येऊ नका. पुरं झालं म्हणजे यायला हवं. येऊन मी काय करू? मी हँगरमध्ये असताना घर तू एकटीने चालवलंस. नोकरी सुटली तेव्हा वाटलं होतं, आता आपण घराकडे बघू. बघायला गेलो तर नळ गळत नाही, दार कुरकुरत नाही, पंखा बंद पडला तर मी स्टूल शोधेपर्यंत तू वर चढलेली. त्या घरात मला बिघाड सापडत नाही गं. इथे रोज काही ना काही बिघडलेलं असतं. तुझा भाऊ आहेच.

मला तुझी आठवण येते. रिपोर्टमध्ये हे कुठल्या जागी लिहायचं माहीत नाही, म्हणून शेवटी लिहिलं.

आशीर्वाद द्यायला मी कोण. तरी आहेत.

तुझा

दि. २० मे

अहो,

नमस्कार-बिमस्कार काही नाही. आधी रडले, मग चिडले, आता लिहितेय.

काम मिळावं म्हणून पाठवलं होतं तुम्हाला. घरातून काढलं नव्हतं! एवढी विमानं उघडून बघितलीत आणि बायको काय बोलते त्याच्या आत काय आहे ते नाही बघता आलं? कमाल आहे तुमची.

आणि ऐका. पंख्यावर मीच चढणार. तुम्ही नव्हतात तेव्हा लागलेली सवय आहे ती, आता सुटायची नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नळ मोडून ठेवणार नाही. या घरात मेकॅनिकची जागा भरलेली आहे. नवऱ्याची रिकामी आहे आणि ती मला एकटीला खायला उठते.

तुम्ही काही करू नका. नुसते या. माझ्यासमोर बसा आणि वाद घाला. भाजी कुठली करायची ते सांगा. मला आवडत नाही ती सांगा, पण सांगा.

त्या सलूनवाल्याला त्याचं दुकान देऊन टाका.

तुमचीच

दि. २८ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू काय लिहिलंस ते भावोजींनी दाखवलं नाही. उभ्याउभ्या वाचलं, मग शेडच्या मागे जाऊन पुन्हा वाचलं. आले ते ठोकळा घेऊनच. छत इतक्या झपाट्याने बंद केलं की माझं मनगट सुजलंय. या वेळी मला दर वेळेला एकच टकटक ऐकू आली. मग सही केली, फीत सोडली, आणि सलूनवाल्याला म्हणाले, पहिलं गिऱ्हाईक मी.

दाढी केली, केस कापले, मिशी कोरली. सलूनवाल्याने आपणहून चंपीही करून दिली. बस नको, हीच गाडी घेऊन जाऊ म्हणाला. पहिली फेरी ताईंकडे. तुझी भावजयसुद्धा खुर्ची पकडून बसलीय आणि अखेर बोलायला लागलीय. ती काय बोलतेय ते तुला भेटून सांगीन.

विमान तुमच्या गल्लीत वळत नाही, म्हणून कोपऱ्यावर लावलंय. निम्मी गल्ली आत चढलीय आणि दोघांच्या दाढीला सुरुवातसुद्धा झालीय. त्या गर्दीत बसून हे लिहितोय आणि भावोजींच्या हाती देऊन त्यांना एकटंच पुढे पाठवतोय. आम्ही दोघं जरा वेळाने येतो. चार कप चहा टाक.

जसे नेले तसे परत करीन असं म्हटलं होतं. ते काही जमलं नाही, माफ कर.

तू हे वाचतेयस म्हणजे ते दारात उभे आहेत. अगं, वाचत काय बसलीस, आधी त्यांना आत घे!

बॉडीवाला