होस्टेलच्या वरच्या मजल्यावरचा लाल फोन

सोमवार, ४ ऑगस्ट

लागले! सगळे फोन लागले! तलाव, जिम, बॅडमिंटन हॉल, गेट, प्रथमोपचाराची खोली, मुलींचं होस्टेल — एकानंही त्रास दिला नाही. एवढ्या मोठ्या क्रीडा संकुलात आजवर एकच फोन होता, तोही ऑफिसात, कायम एंगेज. लातूरचं काम माझ्या एकटीवर सोडताना नांदेडहून आमच्या कंपनीचे रविकांत सर म्हणाले होते, "लुंबिनी, अडलं की फोन कर." अडलंच नाही!

होस्टेलच्या वरच्या मजल्यावर लाल फोन बसवलाय. त्यावर नंबर दाबायचाच नाही. नुसता उचलला की गेटवर आणि प्रथमोपचाराच्या खोलीत एकदम वाजतो. हा मॅनेजर उज्वलाताईंचा हट्ट. मुलींचे मोबाइल वॉर्डनकडे जमा असतात. कुणाला काही झालं तर धावत खाली यायचं का? बरोबरच आहे त्यांचं.

बुधवार, ६ ऑगस्ट

बाहेरून फोन आला की आता माझा आवाज लागतो. "तलावासाठी एक दाबा, बॅडमिंटनसाठी दोन…" दुसरं कोणी तयारच होईना, म्हणून मीच रेकॉर्ड केला. गेटवरचे नरसिंगमामा म्हणाले, "माझी बायको तुझ्या आवाजासंगं बोलून राहिली व्हती. नरसिंगला द्या म्हणली, धा बार म्हणली, तू ऐकतच न्हाईस!"

किती दिवसांनी एवढी हसले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

लाल फोनवरून गेटवर घंटा वाजते आणि पलीकडून कोणी बोलत नाही. नरसिंगमामा म्हणाले, "नुसता श्वास ऐकू येतो. मंग ठेवते." पावसाची ओल केबलमध्ये गेली असणार. जोड नव्यानं केले.

शनिवार, ९ ऑगस्ट

पुन्हा वाजला. हँडसेटच बदलला.

सोमवार, ११ ऑगस्ट

पुन्हा! आता लाज वाटायला लागलीय. वॉर्डन रूपाली मॅडम वैतागल्या. "पोरींचा चावटपणा आहे, दुसरं काही नाही. काढून टाका तो फोन." उज्वलाताई मध्ये पडल्या — "थांबा जरा. बघू द्या तिला."

संध्याकाळी सिस्टीममधले कॉल काढून बघितले. सगळे सरावाच्या वेळेचे. तेव्हा तर मुली मैदानावर असतात, होस्टेल रिकामं. ओल काय सरावाची वेळ बघून येते? माझाच मूर्खपणा. फोन चांगला आहे. कोणीतरी उचलतंय.

मंगळवार, १२ ऑगस्ट

लिहूनच झोपते.

सरावाच्या वेळी जिन्यात लपून बघता आलं असतं. पण मन झालं नाही. जी कोणी उचलते ती आधीच घाबरलेली असणार, आणखी कशाला घाबरवायचं? गेटवरची घंटा आजच्यापुरती बंद केली आणि प्रथमोपचाराच्या खोलीत सिस्टरजवळ जाऊन बसले. सिस्टर म्हणजे विठाबाई. त्या सुपारी कातरत होत्या. वाजला. मी उचलला.

श्वास.

म्हटलं, "मी फोन बसवणारी ताई. वॉर्डन नाही, कोच नाही. बोलायचं नसेल तर नको बोलू. मी ठेवत नाही."

गप्प. मीही गप्प. एवढं गप्प बसणं मला कधी जमलं नव्हतं. मग एकच शब्द आला — "गुडघा."

आणि ती रडायला लागली. खो-खोच्या संघातली मनिषा, देवणीकडची. पाणी प्यायचं निमित्त करून सरावातून वर यायची. फोन उचलायची आणि हिंमत व्हायची नाही. "ताई, कोचला नका सांगू. पुढच्या आठवड्यात निवड हाय. मला घरी पाठवतेन."

"सांगणार नाही" असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही म्हटलं. म्हटलं, "खोटं बोलत नाही तुझ्याशी, सांगावं लागेल. पण तू एकटी नसशील. मी वर येते." विठाबाई सुपारी टाकून माझ्याआधी जिना चढल्या. मुलीनं एकावर एक दोन नी-कॅप चढवल्या होत्या. काढल्या तर गुडघा टम्म फुगलेला. चार दिवस ही अशी धावत होती!

रूपाली मॅडम आल्या. मला वाटलं आता ओरडतात. त्या खाली बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "अगं वेडे, मला का नाही सांगितलंस?" त्यांच्याच डोळ्यांत पाणी.

बुधवार, १३ ऑगस्ट

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. रिपोर्ट उद्या. जेवण गेलं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

लिगामेंट शाबूत!! फाटलेलं नाही, नुसतं ताणलंय. ऑपरेशन नाही. डॉक्टर म्हणाले, अशीच खेळत राहिली असती तर गुडघाच गेला असता. आता सक्तीची विश्रांती, मग व्यायाम, मग मैदान. यंदाची निवड हुकली. ती रडली खूप. पण कोच म्हणाले, "जागा जाते, पुन्हा मिळते. गुडघा कुठून आणायचा?"

तिचे वडील अण्णाराव देवणीहून जीप करून आले. मला वाटलं निवडीचं विचारतील. म्हणाले, "पोरगी बोलली, हेच लई झालं." आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

काम सोपवलं. गेटवरची घंटा पुन्हा चालू. लाल फोन तिथंच राहणार — रूपाली मॅडमनीच सांगितलं. शिवाय एक साधा फोनही मागितला, मुलींना रोज घरी बोलता यावं म्हणून. तो आजच बसवला. संध्याकाळी मुलींची ही रांग! एक जण आईला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगत होती, दुसरी नुसतीच हसत होती. मी जिन्यात उभी राहून ऐकत राहिले. काम संपलं तरी पाय निघेना.

रविवार, १७ ऑगस्ट

सकाळीच आईला मुरुडला फोन लावला. मार्चमधलं सांगितलं — दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. माझा नवरा आदर्श सोडून कोणालाच माहीत नव्हतं. आई खूप वेळ काही बोलली नाही. पण फोन ठेवला नाही तिनं. मग म्हणाली, "दुपारच्या गाडीनं येते. तू काही करत बसू नको, नुसती पडून रहा."

पडून आहे.